इटलीच्या म्हाताऱ्याचं कपाळ

बारामतीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, उद्घाटन, दहावा, कशाचाही बोर्ड द्या, तासाभरात काढून देतो. आधी मी पेंटर होतो. खराखुरा, डबा आणि ब्रश घेऊन शिडीवर चढणारा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॉलीच्या मागची नावं, देवळाची कमान, काय म्हणाल ते रंगवलं. मग मशीन आलं. पहिली दोन वर्षं मी मशीनला शिव्या दिल्या आणि तिसऱ्या वर्षी तेच मशीन घेतलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण आता जे सांगतोय त्यात लाज आहे, आणि ती माझी एकट्याची आहे.

मी मूळचा शेळगावचा. हायस्कूलला सायकलवर निमगाव केतकीला जायचो. तिथं आम्हाला चित्रकलेला एक सर होते, वरकुट्याचे. उंच, वाळके, बोटांच्या पेरांत कायम रंग. वर्गात पुस्तकी बोलायचे, पण चिडले किंवा लाडात आले की गावचं तोंडात यायचं. चित्रकलेचा तास म्हणजे बाकीच्या शिक्षकांनी मागून न्यायचा तास, असा सगळ्या शाळांत रिवाज. गणिताचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले की सर म्हणायचे, "चित्रकला काय रिकामटेकड्यांची हाय व्हय? न्हाय मिळणार." आम्हाला त्याचा आनंद फक्त गणिताचा तास टळला एवढाच व्हायचा.

त्यांच्याकडं एक कागद होता. जुन्या मासिकातून कापलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर प्लास्टिक लावलेला. त्यावर तांबड्या खडूनं काढलेलं एका म्हाताऱ्याचं तोंड. टक्कल, छातीपर्यंत दाढी, जाड भुवया, खाली ओढलेले ओठ. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेलेला मोठा चित्रकार, आणि हे त्यानं म्हातारपणी स्वतःचंच काढलंय, असं सर सांगायचे. त्याचं नाव आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला इटलीचा म्हातारा म्हणायला लागलो. पुढं सरही तेच म्हणायला लागले.

ह्या म्हाताऱ्याच्या किती गोष्टी सांगितल्या असतील त्यांनी. त्याची आई साधी शेतावरची बाई, बापाशी तिचं लग्नच झालेलं नव्हतं. बाजारात जायचा, पिंजऱ्यातले पक्षी विकत घ्यायचा आणि तिथंच सोडून द्यायचा. डाव्या हातानं उलटं लिहायचा, आरशात धरल्याशिवाय कुणाला वाचता यायचं नाही. मेलेल्या माणसांची शरीरं उघडून आतल्या शिरा बघायचा. एकदा मठातल्या जेवणाच्या खोलीची भिंत रंगवायला घेतली. ओल्या गिलाव्यावर भराभर उरकायची तिथली रीत होती. ह्याला घाई नको होती, म्हणून ह्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटायला लागले. "नुकसान सोसलं," सर म्हणायचे, "पन उरकलं न्हाय त्येनं." आम्ही माना डोलवायचो आणि घड्याळाकडं बघायचो.

नववीत असताना सरांनी शाळेच्या शिपाईमामांना स्टुलावर बसवलं आणि आम्हाला त्यांचं तोंड काढायला लावलं. मी बरं काढलं होतं. फक्त मामा जरा चांगले दिसावेत म्हणून कपाळ कोरं ठेवलं. सरांनी माझा कागद मामांपुढं धरला. "मामा, ह्यो कोण?" मामांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "माझा धाकटा भाऊ म्हना की." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. माझ्याशेजारी बाकावर बसले आणि माझ्या हाताला धरून त्यांनी मामांच्या आठ्या काढायला शिकवल्या. एक आठी पूर्ण जात नाही, मधेच तुटते, मग दुसरी तिच्याखालून सुरू होते. ह्या माणसाला तीन लेकी उजवायच्यात, एवढं त्या रेघेत आलं पाहिजे, असं म्हणाले. त्या दिवशी मी चित्रकार व्हायचं ठरवलं. झालो पेंटर, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सर माझ्या दुकानात आले, बरोबर काकू, म्हणजे सरांच्या मिसेस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, वरकुट्यालाच असायचे. काकूंनी त्यांचा दंड धरला होता. पायरी चढताना सरांनी आधी बुटानं चाचपली तेव्हा मला कळलं, डोळे अधू झालेत. काचबिंदू. बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून सरळ माझ्याकडं आले होते.

"कडंचं समदं गेलंय," सर म्हणाले. "नळीतनं बघितल्यागत दिसतंय. मधलं तेवढं हाय."

मी चहा सांगितला. मशीनचा आवाज फार होतोय का विचारलं. सरांनी पिशवीतून तो पुठ्ठा काढला. प्लास्टिक पिवळं पडलं होतं. निमगावच्या शाळेत चित्रकलेचा नवा हॉल झालाय, तिथं इटलीच्या म्हाताऱ्याचं मोठं चित्र लावायला मुख्याध्यापकांना त्यांनी तयार केलं होतं.

"कॅनव्हासवर पायजे. तेलरंगात. तोंड मधी, आन् कडंनी त्येचा जलम. आई, पक्षी, ते उलटं अक्षर, ती पोपडं धरल्याली भित. आन् हे तू काढायचं." मग जरा थांबून म्हणाले, "डॉक्टर म्हनलं, दिवाळीपातूर दिसंल, म्होरलं सांगता येत न्हाय. तवर मला तुझ्या हातचं एक बघायचंय."

मी म्हटलं, "करतो की सर. त्यात काय."

त्यात काय. माझी जीभ ही अशी. पंधरा वर्षं ब्रश हातात धरला नव्हता आणि म्हणे त्यात काय. कॅनव्हास आणला, चौकट ठोकून घेतली, मशीनच्या मागं भिंतीला टेकवून ठेवली. एका रविवारी शटर अर्धं ओढून बसलो. सरांनी ठेवलेल्या पुठ्ठ्यावरून मापाचे चौकोन पाडले आणि कोळशानं भुवईची पहिली रेघ ओढली. रेघ थरथरली. पुसली. परत ओढली, परत थरथरली. माऊस फिरवून फिरवून मनगट पार मेलं होतं. तासाभरानं मी फडक्यानं सगळं पुसलं, कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि हात धुतले. मग हंगाम सुरू झाला, वाढदिवस काय, सप्ताह काय, पालखी काय. कुणी विचारलं की सांगायचो, वेळच नाही बुवा. खरं सांगायचं तर वेळ होता. मला भीती वाटत होती.

हॉलच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा मी ते केलं. नेटवरून म्हाताऱ्याचं ते तोंड मोठ्या साइझमधे उतरवून घेतलं, कॉम्प्युटरवर त्यात रंग भरले, कडेनं बाई, पक्षी, अक्षरं, भिंत सगळं जुळवलं. आमच्या मशीनवर कॅनव्हासचं कापडही चालतं, त्यावर छापलं. वर पारदर्शक व्हार्निश जाड ब्रशानं फिरवलं, म्हणजे हातानं फटकारे मारल्यासारखं दिसतं. लग्नाच्या फोटोंना आम्ही करतो तसं. चौकटीत बसवल्यावर इतकं झकास दिसलं की क्षणभर मलाच वाटलं, मीच काढलंय. आपल्याला वाटतं ना, कुणाला कळतंय. तेच वाटलं.

कार्यक्रमाच्या सकाळी माझ्या व्हॅनमधून सरांना आणि काकूंना वरकुट्याहून निमगावला नेलं. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वाटभर हात मांडीवर चोळत होते. हॉलमधे चित्र टेबलावर ठेवलेलं, खाली पांढरी चादर, समया, नारळ, हार. आपल्याकडं थोर माणूस म्हटला की प्रतिमापूजन आलंच. पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, आधी तुम्ही बघा. तुमचंच आहे."

सर चित्राच्या पार जवळ गेले. त्यांना एका वेळी वाटीएवढंच दिसायचं, त्यामुळं कोंबडं दाणं टिपतं तशी मान हलवत ते चित्र तुकड्यातुकड्यानं बघायला लागले. आधी दाढी. मग ओठ. मग पक्षी, त्यांच्याकडं बघून हसले. चोराच्या मनात चांदणं, मी खांबाला टेकून उभा, बगला भिजलेल्या. डोळ्यांवरून ते कपाळावर आले आणि थांबले. मान हलेना. डावीकडं गेले, उजवीकडं गेले, परत मधे आले. मागं पोरं चुळबुळ करायला लागली तरी तिथंच. मग सरळ उभे राहिले, हार घातला, हात जोडले. भाषणात म्हणाले, "हे चित्र माझ्या विद्यार्थ्यानं तुमच्यासाठी दिलंय, नीट जपा." एवढंच बोलून बसले. मला वाटलं, सुटलो.

परतीच्या वाटेला सर पुढं माझ्या शेजारी, काकू मागं. गाव सुटल्यावर सर म्हणाले, "त्येच्या आठ्या कुठं गेल्या रं?"

मला आधी समजलंच नाही. मग ध्यानात आलं. आमच्या धंद्याची सवय सांगतो. गिऱ्हाईक फोटो देतानाच म्हणतं, भाऊ, जरा गोरं करा, आठ्या पुसून टाका. पंच्याऐंशी वर्षांच्या बापाचा दहाव्याचा बोर्ड असला तरी पोराला तो चाळिशीचा दिसायला हवा. कॉम्प्युटरवर फोटो उघडला की पहिल्यांदा कपाळ साफ करायचं, डोळ्यांखालचं काळं काढायचं, हे हात आपोआप करतो, डोकं लागत नाही. इटलीच्या म्हाताऱ्याचंही मी तेच करून टाकलं होतं. पाचशे वर्षं जगानं जपलेलं कपाळ मी दोन मिनिटांत इस्त्री केलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"सर, प्रिंटमधे जरा..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

मागं काकूंनी खिडकीची काच वर केली.

"मला वाटलंच," सर म्हणाले. "तुला मी शिकवलंय. काही झालं तरी तू आठी सोडनार न्हाईस. म्हंजे ह्ये तू काढल्यालंच न्हाय."

आणि ह्यावर मी काय करावं? माफी मागावी ना? मला राग आला. खरंच आला. स्टेअरिंगवर हात आपटून म्हणालो, "सर, आता कोण काढतंय हातानं? सगळ्या हॉलला आवडलं ना? शाळेला चित्र मिळालं ना? मग झालं की."

"शाळंला मिळालं," सर म्हणाले. "मला चित्र बघायचं न्हवतं रं. म्हाताऱ्याला मी जलमभर बघितलंय. मला तुझा हात बघायचा व्हता. थोडं दिसतंय तवर."

त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट. घरापाशी उतरताना मी हात द्यायला गेलो तर त्यांनी काकूंचा घेतला. मी चहाला थांबलो नाही. कुणी थांबा म्हणालंही नाही.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्यावर चिडूनच होतो. म्हातारं हट्टी आहे, जगाच्या मागं राहिलंय, असं स्वतःलाच सांगायचो. दुकानात कुणी म्हटलं, भाऊ, आठ्या पुसून टाका, की अंगावर जायचो. एकदा एका गिऱ्हाइकाला म्हटलं, तुमच्या वडिलांनी त्या कष्टानं मिळवल्यात, राहू द्या की. तो दुसऱ्या दुकानात गेला. बायको म्हणाली, "तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" मग मी तिला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलायची थांबली आणि म्हणाली, "मग काढा की बसून. दिवाळीला अजून दिवस हायत." एवढं सरळ होतं ते.

भिंतीकडं तोंड केलेला कॅनव्हास उलटा केला. जुने ब्रश दगड झाले होते, फेकून दिले. तेलरंग पुण्याहून मागवले. रोज दुकान उघडायच्या आधी दोन तास बसायला लागलो. किती वाईट यायचं म्हणून सांगू. दाढी मेंढीच्या लोकरीसारखी, एक डोळा वर, एक खाली. खरवडायचो, परत काढायचो. कडेच्या गोष्टी मी सोडून दिल्या, नुसतं तोंड घेतलं. कपाळावर आलो तेव्हा चार दिवस एकाच आठीवर गेले. मधेच तुटणारी ती रेघ काही केल्या तुटेना, तार ओढल्यासारखी यायची. शेवटी एके दिवशी मनगट आपसूक सैल झालं आणि रेघ तुटली, दुसरी तिच्याखालून निघाली. मी एकटाच दुकानात बसून रडलो. कशासाठी ते नीट सांगता येत नाही. हात परत आला म्हणून असेल, किंवा इतकी वर्षं तो कुठं घालवला म्हणून असेल.

एवढ्यात नवरात्र आलं. मशीन दिवसरात्र चालू, कारागीर आजारी, मीच रोल चढवतोय. सकाळचे दोन तास बुडाले. एक आठवडा, मग दुसरा. म्हटलं, अजून दिवाळी लांब आहे. डॉक्टरनं दिवाळी म्हटलं होतं ना, मी ते कराराची तारीख असल्यासारखं धरून चाललो होतो.

दिवाळीच्या दोन आठवडे आधीच काकूंचा फोन आला. त्यांचा मला कधी फोन येत नाही. म्हणाल्या, "काल सकाळी उठल्यावर मला इचारलं, उजाडलं का. दार सताड उघडं व्हतं, तोंडावर ऊन व्हतं." पाठीमागं मशीन कुणाचा तरी वाढदिवस छापत होतं.

त्या दिवशी मी मशीन बंद केलं आणि चित्र पुरं केलं. पुरं म्हणजे काय, दाढीचा खालचा भाग तसाच राहिला. बायको म्हणाली, "वरातीमागून घोडं. आता न्हेऊन काय करनार?" म्हणाली आणि स्वतःच जुनी चादर आणून चौकटीच्या कडा गुंडाळून दिल्या, ओल्या रंगाला कापड लागू न देता. तेलरंग लवकर वाळत नाही.

वरकुट्याला पोचलो तेव्हा सर ओट्यावर बाजेवर बसले होते. समोर डाळिंबाची बाग, तिथं बायका फळं तोडत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी आल्याचं काकूंनी सांगितलं. सरांनी नुसती मान हलवली. मी चादर सोडली, एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, चित्र तिच्यावर उभं केलं आणि भिंतीला टेकवलं. सरांच्या बरोबर समोर. त्यांना हे काही दिसत नाही हे माहीत असून मी ते सरळ आहे का, दोनदा बघितलं.

"वास येतुय," सर म्हणाले. "जवसाच्या तेलाचा."

"व्हय सर. ह्या वेळी हातानं काढलंय," मी म्हणालो. "उशीर झाला, सर. माझं चुकलं. तेव्हाच काढायला पाहिजे होतं."

सर उत्तर द्यायच्या आत काकू चहा आणायला घरात गेल्या. दार करकरलं. सरांना वाटलं असावं, चित्र तिकडं ठेवलंय. त्यांनी बाजेवर नीट बसून घेतलं, शर्टाची कॉलर सारखी केली आणि मान दाराकडच्या भिंतीकडं वळवली. तिथं नुसती उघडी भिंत होती, चुन्याची. तिच्याकडं ते बघत राहिले. विद्यार्थ्याचा कागद हातात घेतल्यावर बघायचे तसे, ओठ दाबून.

"आठ्या चांगल्या आल्यात," ते म्हणाले.

मी चादरीची घडी घालायला लागलो.

"नाक जाड झालंय पन. तुझं नाक शाळंपासनं जाडच यायचं."

मी चित्राकडं बघितलं. नाक जाड झालं होतं. इतके दिवस समोर घेऊन बसलो, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"व्हय सर," मी म्हणालो, "झालंय."

मी चित्र खुर्चीवरून उचललं, ओल्या रंगाला बोटं न लावता, आणि सर जिकडं बघत होते तिकडं नेऊन त्यांच्यापुढं धरलं. काकू चहा घेऊन दारात थांबल्या. सर बघत होते तोवर मी तसाच धरून उभा राहिलो.